जुन्या छोट्या ट्युबाला माऊथपीस निवडताना या चुका टाळा

एप्रिलमध्ये लग्नतिथी दाट झाल्या की अमळनेर, चोपडा, पारोळ्याकडची बँडवाली पोरं माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात, "दादा, हाऊ बास सुरमा वाजत नही." बास म्हणजे बहुतेक वेळा तीन पिस्टनचा (बोटाने दाबायच्या खटक्यांचा) जुना ई-फ्लॅट ट्युबा, खालच्या सुरांचं पितळी फुंकवाद्य. चार हात फिरून आलेला, मूळ माऊथपीस (ओठ लावून फुंकायचा तुकडा) कधीच हरवलेला, आणि हाताला लागला तो माऊथपीस त्यात खुपसलेला. वर्षानुवर्षं त्याच चुका दुरुस्त करतोय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शँक, म्हणजे माऊथपीसचा वाद्यात घुसणारा निमुळता दांडा, न मोजता माऊथपीस घेणं. "ट्युबाचाच आहे, बसेल" या भरवशावर पैसे मोजू नका, कारण ट्युबाच्या शँकचं एकच माप नसतं. अमेरिकन मापात बारीक टोकाचा बाहेरचा व्यास साधारण 13.2 मिमी, युरोपियन मापात 14 मिमीच्या आसपास, आणि जुन्या इंग्लिश छोट्या ट्युबांना अनेकदा 13 मिमीपेक्षाही बारीक शँक लागतो. फरक किरकोळ वाटतो ना? पण शँकचा उतार साधारण 1:20 असतो. म्हणजे शँक एक मिलिमीटर जाड असला तर तो वीस मिलिमीटर बाहेरच राहतो, आणि आत जायचा असतो तो जेमतेम इंचभर.

एका मे महिन्यात चोपड्याकडचा एक पोरगा संध्याकाळी धापा टाकत आला. ट्युबात युफोनियमचा (ट्युबापेक्षा लहान पितळी वाद्याचा) माऊथपीस, डगडगू नये म्हणून त्यावर नळवाल्यांची पांढरी टेफ्लॉन टेप. वरात निम्म्यावर असताना टेपचा एक पदर सुटून आत गेला आणि पहिला पिस्टन दाबला तो वर येईना. त्याने अंगठ्याने रेटला. मी पिस्टन काढला तेव्हा ती टेप ओल्या सुतासारखी पिळून भोकाच्या कडेला बसली होती आणि तिच्याबरोबर आलेल्या वाळूच्या कणांनी पिस्टनवर वरपासून खालपर्यंत तीन चरे ओढले होते. टेप चिमट्याने निघाली, चरे कायमचे राहिले. आजही त्या पिस्टनमधून हवा गळते. वीस रुपयांच्या टेपने साठ-सत्तर वर्षं टिकलेलं वाद्य अधू केलं, याचं मला अजून वाईट वाटतं. कागद, चिंधी, चिकटपट्टी, काहीच गुंडाळू नका. शिवाय युफोनियमच्या माऊथपीसचा कप (ओठ टेकतात ती वाटी) आतून 25-26 मिमी असतो. तेवढ्यात बासचे ओठ मोकळे हलतच नाहीत, आवाज पिपाणीसारखा येतो.

माझी सवय सांगतो. शँक मेणबत्तीवर धरून त्यावर पातळ काजळी चढवायची, हलक्या हाताने ट्युबात बसवून किंचित फिरवायचा आणि काढून बघायचा. काजळी लांबीभर सारखी पुसली गेली तर माप जुळलं. एकाच जागी कड्यासारखी पुसली गेली तर उतार जुळत नाही किंवा टोक चेपलंय. शँक जाड असेल तर एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून उतरवून घ्या, बारीक असेल तर पितळेचा बुश (वरून बसणारी बाही) करून घ्या. पॉलिश पेपरने घासत बसू नका, शँकचा गोलपणा जातो. आणि ट्युबाच्या तोंडाला, म्हणजे शँक बसतो त्या नळीला, कानस लावणाऱ्याला तर मी वाद्य हातात देणार नाही. माऊथपीस पुन्हा मिळतो, ते तोंड मिळत नाही.

दुसरी चूक म्हणजे ट्युबाच्या पट्टीचं खापर माऊथपीसवर फोडणं. इंग्लंडमधले ब्रास बँड 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत उंच पट्टीत वाजवत, ए हा सूर म्हणजे 452.5 हर्ट्‌झ. आजची पट्टी 440 ची. हा फरक जवळजवळ 50 सेंट, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराचा. त्या उंच पट्टीसाठी बनवलेला ट्युबा कॅसिओबरोबर कितीही माऊथपीस बदलले तरी जुळणार नाही. पोरं मात्र पाच माऊथपीस घेतात आणि सहावा शोधत येतात! आधी मोबाईलवर ट्यूनर लावून पिस्टन न दाबता निघणारे सूर खालपासून वरपर्यंत तपासा, घाई करू नका. सगळे सूर सारखेच चढे निघाले तर वाद्य उंच पट्टीचं आहे. खालचे बरोबर आणि वरचेच चढे असतील तर माऊथपीस उथळ आहे किंवा शँक बारीक पडून फार आत जातोय. ई-फ्लॅट ट्युबाची नळी साधारण 13 फुटांची, त्यामुळे पट्टी उतरवायला तिच्यात 11 सेंटीमीटर भर लागते. मुख्य स्लाइडच्या (सूर जुळवायच्या सरकत्या यू-नळीच्या) दोन्ही पायांत साडेपाच-साडेपाच सेंटीमीटर वाढवून मिळते. मग पिस्टनच्या स्लाइडही त्या प्रमाणात बाहेर ओढाव्या लागतात.

कपाबाबत, बारीक नळीच्या जुन्या ट्युबाला 33-34 मिमीचा मोठा, नरसाळ्यासारखा कप लावू नका, आवाज गढूळ होतो. मी 30 ते 32 मिमीचा, मध्यम खोल, वाटीसारखा कप देतो. बाख कंपनीचा 24एडब्ल्यू हा माऊथपीस 31.25 मिमीचा आहे, सुरुवातीला तो पुरतो.

मुलामा उडालेला, उघड्या पितळेचा माऊथपीस ओठाला लावू नका. चांदीचा मुलामा देऊन घ्या, जळगावच्या सराफ बाजारात विचारलं तर करून देणारा सापडतो.

वाजवून झालं की माऊथपीस काढून ठेवा. आमच्याकडच्या उन्हात ट्युबा तापून फुगतो, त्यात गार माऊथपीस दाबून बसवला की रात्री तो घट्ट धरला जातो. अडकलाच तर पक्कड लावू नका, मागच्या नळीचा डाग (झाळलेला जोड) उखडतो. सांध्यावर रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी तोंडाभोवती लाकडी मोगरीने हलकेच ठोका आणि हाताने फिरवा. माझ्याकडे दहातले आठ असेच सुटतात. उरलेल्या दोघांसाठी माझ्याकडे पुलर (माऊथपीस ओढून काढायचं हत्यार) आहे, ट्युबा घेऊन या, मी लावून देतो.