स्पॅनिश पत्त्यातले डावे-उजवे: या चुका टाळा

माद्रिदला शिकायला जाणारी मुलं मला पहिल्यांदा जे पाठवतात तो बहुतेक पत्त्याचा फोटोच असतो, आणि खाली प्रश्न, ताई हे शेवटी काय लिहिलंय? रस्त्याचं नाव वाचता येतं, बिल्डिंगचा नंबर वाचता येतो, त्यानंतर तीनचा आकडा, त्याच्या डोक्याशी छोटा गोल, आणि मग डी-सी-एच-ए आणि टिंब. गाडी इथेच अडते, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं, कारण तिथे बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटला आपल्यासारखा ३०२ वगैरे नंबर नसतो, मजला सांगायचा आणि दार डावं की उजवं ते सांगायचं, संपलं.

डी-सी-एच-ए म्हणजे देरेचा, उजवीकडचं. डावीकडचं म्हणजे इस्किएर्दा, आणि त्याचे शॉर्टफॉर्म एक नाही, आय-झेड-क्यू, आय-झेड-डी-ए, आय-झेड-क्यू-डी-ए असे तीन तरी दिसतात. तिन्ही डावेच. माझी एक विद्यार्थिनी आय-झेड-डी-ए वाचून "इझदा" नावाची बाई शोधत होती, बिल्डिंगच्या दारावर नावांची पाटी असते ना, त्यात. (हा शब्द बास्क भाषेतल्या 'एस्केर'शी जोडतात, म्हणून तो बाकीच्या स्पॅनिशपेक्षा जरा वेगळा वाटतो.) तो छोटा गोल डिग्रीचा नाही, तो 'ओ' आहे, तेर्सेरो म्हणजे तिसरा. तळमजला 'बाहो', पहिला त्याच्या वर, इथपर्यंत आपल्यासारखंच, पण जुन्या बिल्डिंगमध्ये मधेच 'एन्त्रेसुएलो' आणि 'प्रिन्सिपाल' असे मजले येतात, त्यामुळे पहिला म्हणून ज्याला म्हणतात तो मोजला तर तिसरा निघू शकतो.

डावं म्हणजे कोणाच्या डावीकडचं? साधारण जिना चढून वर आलेल्या माणसाच्या. लिफ्टचं दार भलत्याच बाजूला उघडत असेल तर सगळं उलटं होतं, म्हणून बेल वाजवायच्या आधी खाली टपालपेट्या बघा, तिथे मजला, दार आणि बहुतेक वेळा नाव पण असतं. आणि एक, "३ डी" असं दिसलं तर लगेच चौथं दार म्हणून मोजू नका. ते ए-बी-सी-डी मधलं डी असू शकतं किंवा देरेचाचं डी, शेजारच्या बटणावर आय असेल तर देरेचा समजा.

आता शेवटचं अक्षर. देरेचा म्हणजे उजवीकडे, पण लॅटिन अमेरिकेत कोणी "सिगा देरेचो" म्हटलं तर सरळ जा! एका स्वराचा फरक, आणि मेक्सिकोत टॅक्सीवाल्याला "देरेचो" सांगून उजवीकडे वळायची वाट बघत बसलेली मंडळी मी पाहिलीत. स्पेनमध्ये सरळसाठी "तोदो रेक्तो" म्हणतात. आणि युनिव्हर्सिटीच्या कागदावर डी-सी-एच-ओ दिसलं तर ते बहुतेक कायदा, लॉ, दिशेशी काही संबंध नाही.

नकाशावर एन, एस, ई सोपे, पण ओ म्हणजे ओएस्ते, पश्चिम. पुण्यात आधी जर्मन शिकून मग स्पॅनिशकडे येणारे खूप, त्यांचा इथे हमखास गोंधळ होतो कारण जर्मनमध्ये ओ म्हणजे पूर्व. माद्रिद ४०° २५′ उत्तर, ३° ४२′ ओ. तो ओ पूर्व समजून टाकलात तर पिन जाऊन पडते मेनोर्का बेटाच्या वायव्येला, समुद्रात. काही नकाशे ओच्या जागी डब्ल्यू वापरतात, तेही बरोबर. एन-ओ म्हणजे "नो" नाही, नोरोएस्ते, वायव्य. दिशांच्या या अक्षरी खुणांना टिंब देत नाहीत.

मेक्सिकोत पूर्व-पश्चिमेला ओरिएन्ते आणि पोनिएन्ते, पाटीवर ओ-टी-ई आणि पी-टी-ई. पुएब्ला शहरात हे कळलं नाही तर पत्ता सापडणारच नाही, मधल्या चौकापासून आडव्या रस्त्यांना ओरिएन्ते-पोनिएन्ते आणि उभ्यांना नोर्ते-सूर (उत्तर-दक्षिण), सम आकड्याचे आडवे रस्ते उत्तरेला, विषम दक्षिणेला. म्हणजे "४ पोनिएन्ते" आणि "४ ओरिएन्ते" चौकाच्या दोन बाजूंना, अंधेरी (पू.) ऐवजी (प.) लिहिल्यावर काय होतं ते आठवा. पण हेच पी-टी-ई अर्जेंटिनात रस्त्याच्या नावाआधी आलं तर प्रेसिदेन्ते, राष्ट्राध्यक्ष. कोलंबियातल्या बोगोतात पत्ता लिहिताना 'सूर' गाळू नका, काये म्हणजे रस्ता, काये १० आणि काये १० सूर एकाच शहरात पण बऱ्याच अंतरावर आहेत.

बोलताना तर अजून छाटतात. पारा आदेलान्ते म्हणजे पुढे, त्याचं होतं "पालान्ते", पारा आर्रिबा म्हणजे वर, त्याचं "पार्रिबा", पारा आत्रास म्हणजे मागे, त्याचं "पात्रास". फोनवर कोणी घर सांगत असेल तर हेच कानावर येणार, ओळखता यायला हवं, परीक्षेत आणि अर्जात मात्र पूर्ण लिहा. आणि घरमालकाकडून पत्ता घेताना दार कुठलं ते पूर्ण शब्दात मागून घ्या, "पुएर्ता देरेचा" की "इस्किएर्दा", विचारायला लाजू नका, कोणी वाईट मानत नाही.