आधी वरची पहिली चूक काढा

वेब डिझाइन शिकताना पान ब्राउझरात दिसलं म्हणजे कोड बरोबर, असं धरू नका. ब्राउझर चुका गुपचूप सांभाळून घेतो. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा व्हॅलिडेटर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, फुकट आहे. त्यात कोड चिकटवा. लातूरच्या एका आडतीसाठी तुरीच्या भावाचं पान केलं, तर त्यात चुकांच्या लाल ओळींची रांगच लागली. वरची पहिलीच पाहिली: एका परिच्छेदातला बी टॅग (अक्षरं ठळक करणारी खूण) बंद करायचा राहिलेला, त्यामुळे खालच्या प्रत्येक परिच्छेदाला चूक. (खालचं सगळं ठळक झालं होतं, मला वाटलं छानच दिसतंय!) तेवढा टॅग बंद करून पुन्हा तपासलं, रांग गायब. आणि हो, कोडच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा सांगणारं lang="mr" लिहा, म्हणजे मजकूर मराठी आहे हे स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळतं.