औषधाची बॅच परत मागवली तर: मेडिकलवाल्यांनो, या चुका टाळा

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत आणली जात होती. त्यांतली कित्येक वाचली नाहीत. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ बॅचमध्ये (एकाच वेळी बनवलेल्या मालात) तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंड निकामी करणारं विष सापडलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं या बॅचचा वापर थांबवायला सांगितलं. त्या दिवसांत काउंटरवर आया विचारत होत्या, "भाऊ, घरातलं सगळंच खोकल्याचं औषध फेकून देऊ का जी?"

या प्रश्नाला आपण नीट उत्तर देत नाही, आणि पहिली चूक तिथेच होते.

बॅच क्रमांक न सांगणं. "अमुक औषध बंद झालं" एवढाच निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यामुळे ज्याच्याकडे खराब बाटली आहे त्याला ती ओळखता येत नाही, आणि ज्याच्याकडे चांगली आहे तो घाबरतो. ब्लडप्रेशर किंवा फिटच्या गोळ्यांची बॅच परत मागवली असेल तर हे फार धोक्याचं. माणूस गोळीच सोडून देतो. निरोप असा हवा:

"या औषधाची फक्त ही बॅच परत मागवली आहे. बाटलीवरचा बॅच नंबर पाहा. जुळला तर बाळाला देऊ नका, फेकूही नका, बाटली दुकानात आणा. आधी दिलं असेल आणि लघवी कमी झाली असेल तर लगेच दवाखान्यात न्या."

रोजच्या गोळ्यांसाठी "बाळाला देऊ नका"च्या जागी "त्या बॅचची गोळी घेऊ नका" लिहा आणि शेवटचं वाक्य बदला: "औषध बंद करू नका, आजच दुसऱ्या बॅचची गोळी घेऊन जा."

हाच निरोप हिंदीतही लिहा. मध्य प्रदेशातली पांढुर्णा, सिवनी, बालाघाटची माणसं इथे नागपुरात डॉक्टरला दाखवतात, औषध इथूनच घेतात आणि बाटली घरी घेऊन जातात. दुकानाच्या दारावरची मराठी पाटी त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

फक्त कपाटातला माल मोजणं. स्टॉकिस्ट, म्हणजे आपल्याला माल देणारा ठोक विक्रेता, विचारतो, "किती आहे?" आपण सांगतो, "सहा." पण आले होते वीस. उरलेले चौदा कुणाच्या घरी आहेत, हा खरा प्रश्न. बिलावर बॅच नंबर असेल तर संगणकात शोधता येतं. शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांसाठी रजिस्टरमध्ये रुग्णाचं नावही असतं. उधारीची वही आणि घरपोच दिलेल्या ऑर्डरचे फोन नंबर पाहा. रोखीनं नेणाऱ्यांचा पत्ता लागत नाही, म्हणून आजपासूनच बिलावर मोबाइल नंबर लिहायची सवय लावा. शेजारच्या डॉक्टरांनाही कळवा. त्यांना आपले रुग्ण आठवतात.

एक्स्पायरीच्या खोक्यात टाकणं. ही चूक मी फार पाहिली आहे. परत मागवलेला माल एक्स्पायरीच्या खोक्यात जातो आणि सेल्समन येईपर्यंत तिथेच पडून राहतो. सर्वांत गंभीर, पहिल्या वर्गाच्या रिकॉलमध्ये (औषध परत मागवण्यात) माल परत जायला जास्तीत जास्त ७२ तास मिळतात. क्रेडिट नोटची, म्हणजे परत दिलेल्या मालाचे पैसे वळते करणाऱ्या चिठ्ठीची, वाट पाहू नका. माल वेगळ्या खोक्यात ठेवा, वर "विक्री नाही" लिहून टेप मारा, आणि संध्याकाळच्या पोऱ्यालाही सांगा. सकाळी तुम्ही उचललेली बाटली रात्री त्यानं पुन्हा मांडली, असंही घडतं.

स्टॉकिस्टला तोंडी उत्तर देणं. फोनवर "पाठवतो" म्हटलेलं कुणाच्या हिशोबात येत नाही. लिहून कळवा: आले वीस, विकले चौदा, ग्राहकांकडून परत आले पाच, हातात अकरा. गंजीपेठेच्या ठोक बाजारातून माल घेणारे आपण बरेचदा एकच औषध दोन-तीन स्टॉकिस्टांकडून उचलतो, म्हणून प्रत्येकाला त्याच्या बिलाप्रमाणे वेगळा आकडा द्या.

आणि माल एकही नसेल तरी "शून्य साठा" असं लेखी कळवा. गप्प बसलेल्या दुकानात माल नाही की निरोपच वाचला नाही, हे स्टॉकिस्टला कळायला दुसरा मार्ग नसतो.