दुधीला फुलं भरपूर, दुधी एकही नाही?

मांडवावर वेल पसरलाय, पांढरी फुलं डोलतायत, पण बोटाएवढा दुधी धरतो आणि पिवळा पडून गळतो. अशा वेळी लोक खत वाढवतात. बहुतेकदा गरज नसते. नत्र जास्त झालं तर नुसती पानंच माजतात. खरी अडचण परागीभवनाची असते.

आधी फुलं ओळखा. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नर फूल नुसत्या लांब देठावर. सुरुवातीला बरेच दिवस नर फुलंच येतात, कडक उन्हाळ्यात तर त्यांचाच भरणा असतो. तेव्हा घाबरून वेल उपटू नका.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणजे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा फारसा उपयोग नाही. पावसाळ्यात, त्यातही उंचावरच्या गॅलरीत, रात्रीचे पतंगही कमीच. मग ते काम आपण करायचं. दिवे लागणीच्या सुमारास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं सहज होतात. पावसात भिजलेलं नर फूल मात्र घेऊ नका, पराग चिकटून बसतात.

दोडक्यालाही संध्याकाळचीच वेळ. कारलं, काकडी आणि लाल भोपळा सकाळी उमलतात; भोपळ्याचं तर नऊच्या आत उरकावं, कारण ऊन चढलं की फूल मिटतं.

दुधी धरला असेल तर चार-पाच दिवसांत फुगायला लागतो आणि देठ खाली वाकतो.