‘घरीच असते’ हे फॉर्ममध्ये कसं लिहायचं

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचे प्रवेशअर्ज जिथे एकत्र भरता येतात, त्या कॉमन अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिटीज’ नावाचा भाग असतो. त्यात अभ्यासाबाहेर काय करता हे लिहायला दहा जागा. बारावीच्या दिवाळीत मी तो पहिल्यांदा उघडला, तेव्हा माझ्याकडे लिहिण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: नववीतलं वक्तृत्वाचं बक्षीस आणि एनएसएसचं शिबिर. उरलेल्या आठ जागांकडे बघत बसले होते, तेवढ्यात गल्लीत हाक आली, "पाणी आलंऽ". लॅपटॉप मिटला, मोटर लावली, दोन बॅरल, टाकी, हंडे, कळशा भरल्या. दीड तासाने परत बसले तरी आठ जागा रिकाम्याच.

त्यातली एक जागा आपण आत्ता भरून आलो, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

आम्ही सोलापुरात सत्तर फूट रोडच्या बाजूला राहतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, बहुतेक रात्रपाळी. आई विड्या वळते. मी अकरावीत असताना आजीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तिचं सगळं माझ्याकडे. धाकटा भाऊ आठवीत. इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पाण्याचा दिवस हा आमच्याकडे सण-वारासारखाच लक्षात ठेवावा लागतो. हे सगळं मला ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ वाटलंच नव्हतं. कोणी विचारलं, कॉलेजनंतर काय करतेस, तर आम्ही पोरी काय सांगतो? "काही नाही, घरीच असते."

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुम्ही सीईटी देऊन कॅप राउंडने इंजिनिअरिंगला जाणार असाल, तर याचा काडीचा उपयोग नाही. तिथे मार्क आणि आरक्षण. घरी काय करता याला रकानाच नाही. हे अमेरिकेतल्या आणि तशा पद्धतीने पूर्ण माणूस बघून प्रवेश देणाऱ्या कॉलेजांसाठी आहे. तिथल्या फॉर्मवर प्रकार निवडायच्या यादीत ‘फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज’ असा स्वतंत्र पर्यायच आहे. २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून एक अहवाल निघाला होता. धाकट्या भावंडांना सांभाळणं, घराला हातभार लावणं, हेही समाजसेवेइतकंच मोलाचं धरा, असं त्यात प्रवेश समित्यांना सांगितलं होतं. म्हणजे दार उघडं आहे. आपण त्यातून जात नाही, एवढंच.

मीही गेले नव्हते. पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे एक मार्गदर्शक भेटले होते. ते म्हणाले, "आजी वगैरे सोड, एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र आणू, फोटो काढू." दोन दिवस मी खरंच विचार करत होते. नशीब, त्यांची फी परवडणारी नव्हती.

मग चूक झाली ती उलट्या बाजूने. घरचं काम लिहायचं ठरवलं आणि रोजचे सात तास लिहून टाकले, आठवड्याला ४९. आमच्या ओळखीतला एक दादा हे सगळं करून बाहेर शिकायला गेलेला. त्याने फोनवरच हिशोब मांडला. कॉलेज ३६ तास, अभ्यास तू म्हणतेस ३०, झोप ४९, घरकाम ४९. झाले १६४. आठवड्याचे तास १६८. "मग चार तासांत तू आठवडाभर जेवतेस, अंघोळ करतेस आणि रिक्षाने फिरतेस का गं?"

त्यानंतर मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करायला लागले. आई तिथेच दुधाचा हिशोब आणि पाण्याचा दिवस लिहिते; मी त्याच चौकोनात पेन्सिलीने मिनिटं लिहिली. दोन आठवड्यांत खरा आकडा आला. आजीचं रोज दीड तास, म्हणजे साडेदहा. भावाचा डबा आणि अभ्यास सहा दिवस पाऊण-पाऊण तास, साडेचार. पाणी सरासरी तीन. एकूण १८ तास. ४९ पेक्षा १८ आकडा लहान दिसतो, पण त्यातल्या प्रत्येक मिनिटाचं उत्तर माझ्याकडे होतं. फॉर्ममध्ये आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे असे दोन्ही विचारतात. आजीला सुट्टी नसते, तिथे ५२ लिहिले.

वर्णनाला जागा फक्त १५० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. तिथे ‘मी माझ्या लाडक्या आजीची मनोभावे सेवा करते’ याला वाव नाही, आणि तेच बरं आहे. क्रियापदं लिहा. माझ्या इंग्रजी ओळीचा मराठीत अर्थ साधारण असा: पक्षाघात झालेल्या आजीची अंघोळ, औषधं, कूस बदलणं, भावाचा अभ्यास, घरचं पाणी भरणं, वडील रात्रपाळीला. बस. ‘गरीब’, ‘संघर्ष’, ‘त्याग’ यातला एकही शब्द नाही. पदाचं नाव लिहायच्या जागी ‘आजीची शुश्रूषा करणारी नात’ असं लिहिलं.

पाण्याचं मात्र दुसऱ्या जागी वेगळंही लिहिलं, कारण ते फक्त आमच्या घरापुरतं नव्हतं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला फोन करून वेळ विचारायची आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकायची, हे काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. घरचं आणि गल्लीचं एकत्र केलं असतं तर दोन्ही पुसट झालं असतं. तास मात्र दोनदा मोजू नका. फोनाफोनीचा आठवड्याला एक तास मी वेगळा धरला.

आईला हे पटलं नव्हतं. विड्यांची जुडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली, "घरातलं लोकाला कशाला सांगायचं? त्यांना वाटेल पोरीला राबवून घेतात." तिचं म्हणणं चूक नव्हतं. मग मी ती १५० अक्षरं तिला मराठी करून वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढंच? मग असू दे." तुमच्याही घरी आधी विचारा. आजार, वडिलांची नोकरी जाणं, कर्ज, यातलं किती बाहेर सांगायचं हे एकट्याने ठरवायचं नसतं.

फॉर्मसोबत एक निबंधही असतो, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. त्यात यादी पुन्हा लिहू नका. मी पहिल्या मसुद्यात आजी, भाऊ, पाणी, विड्या, माग सगळं कोंबलं होतं. वाचून मलाच रडू आलं आणि लगेच संशय आला. शेवटी फक्त कूस बदलण्यावर लिहिलं. दर दोन तासांनी आजीला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. आधी गुडघा दुमडायचा, मग खांद्याखाली हात, आणि तिला आधी सांगायचं, नाहीतर ती घाबरून चादर धरून ठेवते. एवढंच. परिस्थितीमुळे मार्क घसरले असतील तर ते निबंधात नको. त्यासाठी ‘चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस’ ही २५० शब्दांची वेगळी जागा आहे. माझे अकरावीचे मार्क तिथे चार वाक्यांत आटोपले.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना हे सांगायला विसरू नका. मी सांगितलं तेव्हा सर गप्प झाले. म्हणाले, "मला वाटायचं तू क्लाससाठी शेवटचा तास बुडवतेस." त्यांनी पत्रात ते लिहिलं, आणि माझ्या १८ तासांना दुसऱ्या माणसाची साक्ष मिळाली.

पैशाचं थोडक्यात. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांना घेताना मदत किती मागताय हेही बघतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच तसं बघत नाहीत, पण तिथे गर्दीही तशीच. बऱ्याच ठिकाणी मुदत १ जानेवारीच्या आसपास असते, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा भरायच्या आत सगळं गेलेलं हवं.

एका मुलाखतीत मला विचारलं, तू गेल्यावर हे कोण करणार? याची मी तयारीच केली नव्हती. काहीतरी बोलले आणि तिथे प्रवेश मिळाला नाही. कारण तेच होतं का, कोण जाणे. दुसऱ्या मुलाखतीच्या आधी मात्र घरी बसून वाटणी केली. आजीचं सकाळचं आई, संध्याकाळचं आत्या, पाणी भाऊ. भाऊ म्हणाला, "काय बे, तू जाणारेस म्हणून मी अडकलो की." आता कालनिर्णयवरच्या पाण्याच्या खुणा त्याच्या अक्षरात असतात. दोनदा चुकलाय.