पॅराग्लायडिंगचा हार्नेस अंगाला कसा बसवायचा आणि पाठीमागच्या एअरबॅगवर किती भरवसा ठेवायचा

नवीन हार्नेस, म्हणजे पायलट ज्यात बसतो ती पट्ट्यांची खुर्ची, घरी आला की बहुतेक जण काय करतात तर अंगात घालतात, आरशासमोर उभे राहतात, सगळे पट्टे ओढून घट्ट करतात आणि म्हणतात, चला बसला बरोबर. तसं नसतं हो. हा हार्नेस उभं राहून बसवताच येत नाही, तो लटकूनच बसवायला लागतो, कारण हवेत गेल्यावर सगळं वजन मांड्या आणि पाठीवर येतं आणि जमिनीवर एकदम फिट वाटलेला पट्टा वर गेल्यावर भलतीकडेच असतो. कामशेतला टेकऑफवर उभं राहून, वारा चांगला आलाय आणि मागे चार जण थांबलेत अशा घाईत पट्टे ओढणारे दर सीझनला दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लटकायची सोय करा. जुन्या घरात लाकडी तुळई असेल तर उत्तम, नाहीतर आंब्याची जाड फांदी, नाहीतर तुमच्या इन्स्ट्रक्टरकडे सिम्युलेटर असतोच. दोन्ही कॅराबिनर (हार्नेस ग्लायडरला जोडायच्या धातूच्या कड्या) एकाच दोरीला अडकवू नका, दोन वेगळे स्लिंग घ्या आणि वर त्यांच्यात साधारण ४५ सेंमी अंतर ठेवा, कारण खऱ्या ग्लायडरचे, म्हणजे वरच्या कापडी पंखाचे, दोन रायझर (त्याच्या दोऱ्या जोडलेले पट्टे) असेच वेगवेगळे वर जातात. एकाच बिंदूला लटकलात तर छाती आवळली जाते आणि सगळी मापं खोटी येतात. खाली गादी टाका, सोबत एक माणूस हवाच, आणि तुळई आधी दोघांनी लोंबकळून तपासा. उडताना जे घालणार तेच कपडे, तेच बूट, तेच जॅकेट. रिझर्व्ह, म्हणजे संकटात उघडायचं जादा पॅराशूट, आत बसवलेला हवा आणि पाण्याची पिशवी पण भरलेली, कारण त्या वजनाने बसण्याचा कोन बदलतो.

आता सगळे पट्टे ढिले करून सुरुवात करा आणि डावी-उजवी बाजू टाके मोजून सारखी ठेवा. हे मोजायचा कंटाळा करू नका, एका बाजूचा पट्टा दोन सेंमी कमी असला तरी ग्लायडर दिवसभर एकीकडे वळत राहतो आणि आपण ग्लायडरलाच दोष देत बसतो.

पहिले पायाचे पट्टे. उभं असताना मांडी आणि पट्टा यात सपाट हात जाईल एवढी जागा. फार घट्ट केले तर टेकऑफला पळता येत नाही, फार ढिले ठेवले तर उडाल्यावर सीट मांडीच्या मागे कुठेतरी राहते, मग सीटवर सरकायला माणूस ब्रेक (ग्लायडर वळवायच्या हातातल्या दोऱ्या) सोडून दोन्ही हातांनी ढकलाढकली करतो आणि तीही डोंगराच्या अगदी जवळ असताना. लटकून हेच तपासायचं: उभ्याने लोंबकळा, हात ब्रेक धरल्यासारखे वर ठेवा आणि फक्त गुडघे वर घ्या. सीटवर सरकलात तर सेटिंग बरोबर, हात लावायला लागला तर पायाचे आणि खांद्याचे पट्टे परत बघा. मग उलटं करा, बसलेल्याचं उभं व्हा. हे पण हात न लावता जमलं पाहिजे, याचं कारण लँडिंगच्या वेळी कळेल.

खांद्याचे पट्टे म्हणजे वजन पेलायचे पट्टे नाहीत, ते फक्त पाठीला सांभाळतात. बसल्यावर ते खांद्याला अलगद टेकलेले हवेत. रुतत असतील तर सैल करा, नाहीतर अर्ध्या तासात मान आखडते आणि उभं पण होता येत नाही. सारखे घसरत असतील तर थोडे ओढा.

बाजूच्या पट्ट्यांनी पाठ किती मागे रेलायची ते ठरतं आणि इथे माझं मत ठाम आहे: पहिली दोन-तीन वर्षं सरळच बसा. फोटोत रेललेला पायलट भारी दिसतो हे खरं, पण ग्लायडर एका बाजूने कोलॅप्स होऊन, म्हणजे दुमडून, गर्रकन फिरला की रेललेलं शरीर त्याच्याबरोबर लगेच फिरत नाही, पाय लांब पसरलेले असतात, मग रायझरला पीळ पडतो आणि ब्रेक अडकतात. सरळ बसणारा माणूस ग्लायडरबरोबर फिरतो.

छातीचा पट्टा टेपने मोजा, अंदाजे नको. लटकून बसलेलं असताना एका कॅराबिनरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. तुमच्या ग्लायडरच्या मॅन्युअलमध्ये हे माप दिलेलं असतं, वजनाप्रमाणे बहुतेक वेळा ४० ते ४८ सेंमीच्या दरम्यान, आणि त्याच मापावर त्या ग्लायडरची टेस्ट झालेली असते. पट्टा जास्त उघडा ठेवला तर वेटशिफ्टला (अंग कलवून वळायला) मजा येते पण कोलॅप्स झाल्यावर तुम्ही त्या बाजूला जास्त कलंडता. फार आवळला तर स्थिर वाटतं, पण ते वाटणं फसवं, पीळ पडायची शक्यता वाढते आणि स्पायरलमधून (गरगर फिरत वेगाने खाली जाण्यातून) बाहेर यायला ग्लायडर कुरकुरतो. माप बसलं की पट्ट्यावर मार्करने छोटी खूण करा, बॅगेत घालताना पट्टे हमखास सरकतात.

लटकलेलेच आहात तर स्पीडबार, म्हणजे वेग वाढवायला पायाने ढकलायची दांडी, पण बघून घ्या. पाय पूर्ण सरळ केल्यावर पुल्या एकमेकींना भिडल्या पाहिजेत, आणि पाय काढून घेतल्यावर दोरी ढिली राहिली पाहिजे, नाहीतर नकळत थोडा स्पीड लागलेलाच राहतो. आणि रिझर्व्हचा हँडल. डोळे मिटून हात तिथे जातो का? दहा वेळा करा. बूट-जॅकेट-ग्लोव्ह्जसकट करा. रिझर्व्ह नवीन बसवला असेल तर एकदा लटकून खरोखर ओढून बघायलाच हवा, आपला हात जेवढा लांब जातो तेवढ्यात पिना सुटून पिशवी बाहेर येते की नाही हे दुसरं कुठलंही तपासणं सांगत नाही. मग जाणकाराकडून परत पॅक करून घ्या.

आता पाठीचं. प्रोटेक्शन मुख्यतः दोन प्रकारचं मिळतं, फोम आणि एअरबॅग. फोम जाड असतो, साधारण १५ सेंमी, जागा खातो पण कायम तयार असतो. एअरबॅगला तोंड असतं, उडताना वारा आत शिरून ती फुगते. इथेच लोक चुकतात. साधी एअरबॅग टेकऑफला पळताना पूर्ण फुगलेलीच नसते, वेग आला की मग फुगते, म्हणजे टेकऑफवर पाय घसरून बसकण मारली तर खाली जवळजवळ नुसतं कापडच असतं. काही नवीन एअरबॅगमध्ये आत लवचिक काडी नाहीतर तार असते, ती बॅग आधीपासून थोडी उघडून धरते, त्या या बाबतीत बऱ्या. आपल्याकडे कशी आहे हे माहीत असायला हवं एवढंच.

एअरबॅग तपासायला सोपी. झिप सगळ्या बंद करा, तोंडातून हवा भरून घ्या, हार्नेस जमिनीवर ठेवा आणि वरून दोन्ही हातांनी दाबा. हवा सावकाश फुसफुसत गेली पाहिजे. फस्स करून एकदम बसली तर आतली झडप उलटली आहे, झिप उघडी आहे नाहीतर शिवण उसवली आहे. कडक लँडिंगनंतर तर हे करायलाच हवं, आणि सीटबोर्ड (सीटमधली फळी) बाहेर काढून बोटाने चाचपून बघा, तडा वरून दिसत नाही, हाताला लागतो. फोमवाल्यांनी गाडीच्या डिकीत हार्नेसवर जड बॅगा रचू नका, फोम दबून राहिला की पुन्हा पूर्ण फुगत नाही.

आणखी एक, पाठीच्या खिशात कॅमेऱ्याचा स्टँड, स्टीलची बाटली, पॉवर बँक असलं काही ठेवायचं नाही. तुम्ही ज्या जागी आपटणार त्याच जागी ती वस्तू मणक्यात घुसणार.

आपटण्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब सांगतो. ईएन १२४९१ या युरोपीय मानकात रिझर्व्हचा खाली यायचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ५.५ मीटर धरलाय. म्हणजे साधारण दीड मीटर उंच भिंतीवरून उडी मारल्यासारखं. पायावर उतरलात, पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून आणि बाजूला लोळलात तर बहुधा उठून चालू लागाल. तेच बसलेल्या स्थितीत आलात तर सगळा धक्का शेपटीच्या हाडातून वर जातो, आणि पॅराग्लायडिंगमध्ये मणका दबल्याच्या ज्या केसेस होतात त्यात पाठ आणि कंबर जिथे जुळते तिथलेच मणके जास्त असतात. प्रोटेक्शन तो धक्का कमी करतं, शून्य नाही करत, आणि बाजूने किंवा दगडाच्या टोकावर पडलात तर त्याचा उपयोग आणखी कमी.

म्हणून लँडिंगला साधारण ३० मीटर उंचीवर असतानाच सीटवरून पुढे सरका आणि पाय खाली घ्या. मी दुसऱ्या सीझनला हे केलं नव्हतं. दुपारची वेळ होती, भाताची खाचरं सुकलेली, वाटलं बॅग आहे ना खाली, बसूनच उतरू. शेवटच्या पाच मीटरला सिंक (खाली जाणारी हवा) लागला आणि मी बांधावर बसलो. बॅगेतून फाट् असा आवाज आला आणि त्यानंतर काही सेकंद मला श्वासच घेता येईना, तोंड उघडं पण हवा आत जात नव्हती. एक्स-रेमध्ये काही मोडलेलं निघालं नाही, पण अडीच महिने कमरेला पट्टा लावून खुर्चीत बसत होतो आणि मुलीला उचलून घेता येत नव्हतं. बॅग नसती तर काय झालं असतं तो विचार अजून येतो. पाय खाली असते तर बॅगेची गरजच पडली नसती.

आता रोजची पद्धत. हेल्मेट आधी, मग पायाचे पट्टे, मग छातीचा. काढताना उलटं, पायाचे पट्टे सगळ्यात शेवटी. कारण वाऱ्याचा झोत येऊन ग्लायडरने उचललं आणि फक्त छातीचा पट्टा लावलेला असला तर माणूस बगलेत लटकतो, सीटवर चढता येत नाही, हात भरून येतात. यात जीव गेलेत. आजकाल बऱ्याच हार्नेसमध्ये छातीचा आणि पायाचा पट्टा जोडलेले असतात, म्हणजे एक विसरला तरी माणूस खाली सरकून पडत नाही, घेताना असाच घ्या. प्रत्येक बकलचा टक् आवाज ऐका आणि मग तो ओढून बघा, कारण माती गेलेलं बकल आवाज करतं पण अडकत नाही. कॅराबिनरचं गेट बंद आणि लॉक, रायझर आत नीट बसलेला. गेट अर्धवट उघडं राहिलं तर कॅराबिनरची ताकद निम्म्याहूनही खाली येते. मग रिझर्व्हच्या पिना, हँडल जागेवर. आणि हे सगळं करताना मध्ये कोणी बोलायला आलं, फोन वाजला, पाणी प्यायला थांबलात, तर पहिल्यापासून. जिथे थांबलो तिथून पुढे असं करायचं नाही. मित्राला सांगा माझे पायाचे पट्टे बघ, आणि तुम्ही त्याचे बघा, यात कसला कमीपणा?

टँडमला (पायलटसोबत दोघांच्या उड्डाणाला) पॅसेंजर म्हणून जाणाऱ्यांनी पण स्वतःच्या मांडीचे दोन्ही पट्टे हाताने ओढून बघावेत आणि पायलटला बिनधास्त विचारावं. टेकऑफला तो सांगेपर्यंत बसू नका, पळत राहा, सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

राहिली निगा. आपल्याकडे दिवाळीनंतर डोंगरावर कुसळं असतात, ती वेल्क्रोत आणि एअरबॅगच्या कापडात रुततात, संध्याकाळी बसून एकेक काढायची, ओढून फाडायची नाहीत. लाल माती बकलमध्ये गेली की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, तेल अजिबात घालू नका, तेलाला धूळ चिकटते. गोव्यात केरी-हरमलला उडून आलात तर त्याच रात्री धुवा, वाळू आणि खारा वारा मिळून बकल आणि कॅराबिनरची स्प्रिंग खातात. पावसाळ्यात हार्नेस बॅगेत दाबून माळ्यावर टाकला तर ऑक्टोबरला बुरशी निघते नाहीतर उंदरांनी कुरतडलेला निघतो, त्यापेक्षा खोलीत खुंटीला मोकळा टांगा. रिझर्व्ह निदान वर्षातून एकदा उघडून परत पॅक, दमट भागात राहत असाल तर सहा महिन्यांनी. ॲल्युमिनियमचे कॅराबिनर कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला, पाच वर्षं ही बऱ्याच जणांची मुदत आहे, बाहेरून चकचकीत दिसले तरी.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याला किती वर्षं झाली, किती वेळा आपटला हे विचारा, सीटबोर्ड काढून दाखवायला सांगा, आणि पैसे देण्याआधी त्यात निदान पंधरा मिनिटं लटका.