मूत्रसंसर्गातील प्रतिजैविक-प्रतिरोधाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या लघवीच्या कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) अहवाल सेन्सिटिव्हिटीसह, म्हणजे कोणते औषध लागू पडेल या माहितीसह, हाती येण्यास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात, आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस मात्र त्याआधीच द्यावा लागतो. प्रतिरोधाचा, म्हणजे जंतू औषधाला दाद न देण्याचा, अंदाज संगणकीय मॉडेलकडून हवा असतो तो या मधल्या काळासाठी. त्यामुळे पहिला डोस लिहिताना जी माहिती हाताशी असते, तेवढ्यावरच हा अंदाज बेतलेला असावा.

नेमकी हीच अट सर्वाधिक मोडली जाते. जंतूचे नाव किंवा मागाहून औषध बदलल्याची नोंद संगणकातून काढलेल्या तक्त्यात इतर माहितीच्या शेजारीच असते आणि नकळत मॉडेलमध्ये शिरते. मग चाचणीत उत्तम ठरलेले मॉडेल वॉर्डात निरुपयोगी ठरते. यासाठी प्रत्येक चाचणीचा नमुना घेतल्याची नव्हे, तर अहवाल उपलब्ध झाल्याची वेळ ग्राह्य धरावी. एकाच रुग्णाचे नमुने शिकवण्याच्या आणि पडताळणीच्या अशा दोन्ही संचांत पडू देऊ नयेत. पडताळणी शक्यतो नंतरच्या काळातील रुग्णांवर करावी, कारण प्रतिरोधाचे प्रमाण काळानुसार बदलते.

पूर्वीच्या कल्चरमधील प्रतिरोधी जंतू आणि गेल्या काही महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके हे सर्वांत बोलके संकेत आहेत. मात्र औषधाची नोंद नसणे म्हणजे औषध घेतले नसणे, असे मानू नये. बाहेर घेतलेल्या गोळ्या रुग्णालयाच्या संगणकात नसतात. रुग्णाला विचारणे, हा उपाय साधा असूनही वारंवार राहून जातो.

दीर्घकाळ कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्यांच्या लघवीत लक्षणे नसतानाही जंतू सापडतात. असे नमुने संसर्ग म्हणून मोजू नयेत. सेन्सिटिव्हिटीच्या अहवालातील ‘आय’ (I) या श्रेणीचाही विचार हवा: युकास्टने (अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या युरोपीय समितीने) 2019 मध्ये तिचा अर्थ ‘वाढीव मात्रेत संवेदनशील’ (मात्रा वाढवल्यास औषध लागू पडते) असा निश्चित केला असल्याने, ते निकष वापरणाऱ्या प्रयोगशाळेचे ‘आय’ निकाल सरसकट प्रतिरोधी ठरवल्यास प्रतिरोधाचे प्रमाण फुगते.

केवळ अचूकतेच्या टक्केवारीवरही विसंबू नये. शंभरपैकी नव्वद नमुने संवेदनशील असतील, तर सर्वांना संवेदनशील म्हणणारे मॉडेलही 90 टक्के अचूक ठरते आणि एकही प्रतिरोधी रुग्ण ओळखत नाही. प्रत्येक औषधासाठी स्वतंत्र संभाव्यता द्यावी आणि ती प्रत्यक्ष निकालांशी जुळते का, हे तपासावे. मूत्राशयापुरत्या सौम्य संसर्गात जी जोखीम पत्करता येते, ती सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणाऱ्या जीवघेण्या स्थितीत) परवडत नाही. म्हणून औषध टाळण्याची मर्यादा आजाराच्या तीव्रतेनुसार डॉक्टरांनी ठरवावी आणि अहवाल येताच औषधाचा फेरविचार करावा.